दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: रीफ टँकचं पुस्तक कसं निवडायचं

नमस्कार सर, आमच्या माशांच्या टँकच्या दुकानाला दिलेला रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे, पण तुमचं वाचून उद्या रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळं ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, सुरू करणारं कोणीतरी भलतंच पुस्तक घेऊन बसेल म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही पुस्तक मागितलंत तर शोकेसमधला प्रवाळांच्या फोटोंचा मोठा सेट आम्ही दिला नाही, उलट पंचवीस वर्षांपूर्वीचं जुनं पुस्तक पुढे केलं, मँडरिन मासा मागितला तर तोही दिला नाही, वर ज्ञान ऐकवलं, आणि हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं.

आधी त्या सेटचं सांगतो. तो प्रवाळांचे अभ्यासक व्हेरॉन यांचा तीन खंडांचा सेट आहे, 2000 साली आलेला, जगभरातली दगडी प्रवाळं ओळखण्यासाठी केलेला. फोटो अप्रतिम आहेत, मला स्वतःला तो बघताना वेळेचं भान राहत नाही. पण टँक कसा लावायचा, मीठ किती घालायचं, लाईट किती तास ठेवायचा यासाठी तो लिहिलेलाच नाहीये, तो समुद्रात उतरून अभ्यास करणाऱ्यांच्या कामाचा आहे. तुम्ही तो घेतला असता तर माझ्या गल्ल्यात चांगली रक्कम आली असती आणि पहिल्यांदा पाणी गढूळ झालं तेव्हा तुमच्या हातात उपयोगाचं काहीच नसतं. म्हणून नको म्हटलं.

आता जुनं पुस्तक. ते रॉबर्ट फेनर यांचं 'द कॉन्शिएन्शस मरीन अ‍ॅक्वेरिस्ट', पहिल्यांदा 1998 ला आलं, नंतर 2008 ला सुधारून निघालं. या छंदाच्या पुस्तकात काय जुनं होतं आणि काय होत नाही हे समजून घ्या, सगळा मुद्दा तिथेच आहे. लाईटची प्रकरणं जुनी झालीत हे शंभर टक्के खरं, त्या काळी मेटल हॅलाईडचे तापणारे दिवे आणि ट्यूबा होत्या, गॅलनला इतके वॅट असा हिशोब करायचे, आता एलईडी आल्यावर त्या हिशोबाला अर्थ उरला नाही, प्रवाळापर्यंत प्रत्यक्षात किती प्रकाश पोचतो ते मोजतात. प्रवाळांची काही नावंही बदललीत, आपण दुकानात ज्याला अ‍ॅकन म्हणतो ते जुन्या पुस्तकात अ‍ॅकॅन्थास्ट्रिया म्हणून सापडेल, 2016 पासून ते मायक्रोमुसा झालंय. हे मी गिऱ्हाईकाला पुस्तक देतानाच सांगतो. पण माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट कसं होतं, त्याला चार ते सहा आठवडे का लागतात, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) एकमेकांना कशी धरून असतात, कुठला मासा कुणाला खातो, यातलं काहीही जुनं झालेलं नाही. समुद्राची क्षारता तेव्हाही हजारी 35 च्या आसपास होती आणि आजही तेवढीच आहे.

मँडरिनचंही याच्याशीच नातं आहे म्हणून सांगतो. तुम्हीच म्हणालात की दोन फुटी टँक आहे आणि पाणी भरून जेमतेम पंधरा दिवस झालेत. मँडरिन दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड, म्हणजे अगदी बारीक कवचधारी जीव, टिपत फिरतो, पॅकेटमधलं खाणं बहुतेक वेळा तोंडातही घेत नाही, आणि नवीन टँकमध्ये कोपेपॉड नसतातच. मग काय होतं, तर रंग तसेच राहतात, मासा फिरताना दिसतो, आणि आतून उपाशी मरत असतो, मालकाला पत्ता नसतो. मी असला मासा विकणार नाही सर, त्यासाठी एक स्टार दिलात तरी चालेल. आणि पुस्तक पारखायची माझी पहिली कसोटी हीच आहे, शेवटची सूची उघडायची, मँडरिन शोधायचा, त्या पानावर जायचं. तिथे फक्त सुंदर, शांत, रीफला सुरक्षित एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक परत शेल्फवर. हा मासा जुन्या, भरपूर दगड असलेल्या मोठ्या टँकशिवाय घेऊ नका असं लिहिलं असेल तर पुढची पानं चाळायची. सूचीच नसेल तर प्रश्नच मिटला. जे पुस्तक कशालाच नाही म्हणत नाही ते रीफचं पुस्तक नव्हे, कॅटलॉग आहे.

दुसरी गोष्ट मी बघतो ती पांढरे ठिपके पडण्याच्या रोगाची. चांगलं पुस्तक सांगतं की तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये कधीच घालायचं नाही, प्रवाळ, कोळंबी, शंख सगळं मरेल, मासे वेगळ्या टाकीत काढून तिथे उपचार करायचे आणि मुख्य टँक काही आठवडे बिनमाशांचा ठेवायचा. हा काळ जुन्या पुस्तकांत कमी दिलेला असतो, आता दोन-अडीच महिने धरतात, तेवढं पेन्सिलने समासात लिहून घ्या. आणि क्वारंटाईनला स्वतंत्र प्रकरण नसेल तर ते पुस्तक घेऊच नका.

तिसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. झोअँथिड म्हणजे ती बटणांसारखी रंगीत प्रवाळं, त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. ती चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करायला गेलेली माणसं वाफेने हॉस्पिटलात पोचलेली आहेत. हातमोजे, चष्मा, आणि दगड कधीही उकळायचा नाही, हे तुमच्या पुस्तकात आहे का बघा, नसेल तर ते ज्ञान दुसरीकडून मिळवा पण मिळवाच, घरात लहान मुलं असतील तर आधी हे.

गॅलनचंही बघत जा. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 चा. शंभर गॅलनला एवढा डोस असं लिहिलं असेल तर ते 378 लिटर की 454, पुस्तक कुठे छापलंय ते पहिल्या पानावर बघितल्याशिवाय कळत नाही, आणि डोस चुकला की अल्कलिनिटी एका रात्रीत भलतीकडे जाते.

आता जे यातल्या कुठल्याच पुस्तकात धड मिळणार नाही ते सांगतो, कारण लिहिणारे सगळे थंड देशांतले किंवा एसीत राहणारे. त्यांच्याकडे हीटरवर पानंच्या पानं असतात. पुण्यात एप्रिलमध्ये बंद खोलीतलं पाणी बघता बघता तिशीच्या वर जातं आणि प्रवाळाला हवं 25-26. कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन डिग्री उतरतात, मुंबई-कोकणात दमट हवेत तेवढं काम होत नाही, तिथे चिलरच लागतो. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. आणि आरओ म्हणजे किचनमधला नव्हे, त्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, आपल्याला टीडीएस शून्य हवा, त्यासाठी पुढे डीआय, म्हणजे उरलेले क्षार काढणारा फिल्टर, लागतो. पावसाळ्यात लाईट गेली की आधी ऑक्सिजन संपतो, फिल्टरची काळजी नंतर, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

शिवाय कायदा. परदेशी पुस्तकात समुद्रातून जिवंत दगड, म्हणजे जीवाणू आणि बारीक जीव बसलेला दगड, कसा निवडायचा याचं सुंदर वर्णन असतं आणि ते वाचून लोक आम्हाला विचारतात की मालवणला जातोच आहे तर दोन दगड आणू का. नाही आणायचे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्री पंखे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, समुद्रघोडेही आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. मालवणचा तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली उरलेलं प्रवाळ बघायला जा, जरूर जा, हात लावू नका. टँकला कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड चालतो, जीवाणू त्यावरही बसतात, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

पुस्तकं कुठल्या क्रमाने घ्यायची तर पहिलं फेनर, सहा महिने तेच. मग प्रवाळाकडे वळलात की एरिक बोर्नमन यांचं 'अ‍ॅक्वेरियम कोरल्स', 2001 चं, प्रवाळ आजारी पडल्यावर कसं दिसतं हे त्यात नीट आहे. डेलबीक आणि स्प्रंग यांचे 'द रीफ अ‍ॅक्वेरियम'चे तीन खंड एकदम घेऊ नका. पहिला 1994 चा, दगडी प्रवाळ आणि मोठे शिंपले, दुसरा 1997 चा, मऊ प्रवाळ आणि अ‍ॅनिमोन, तिसरा 2005 चा, तो यंत्रणा आणि पाण्याच्या रसायनाचा. नवख्याला तिसराच आधी लागतो, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण तरी पहिला मागतात कारण कव्हर छान आहे.

यूट्यूबला माझा विरोध नाही. स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, कसा जोडायचा, पाईप कसा कापायचा, हे व्हिडिओत जितकं कळतं तितकं पानावर नाही कळणार. पण रात्री अकरा वाजता मासा तळाशी जोरात श्वास घेत पडलाय तेव्हा तुम्ही वीस मिनिटांचा व्हिडिओ पुढे-मागे करत बसणार का सूची उघडून पान काढणार? आणि बऱ्याच व्हिडिओत जी बाटली दाखवतात तिचे पैसे त्यांना मिळालेले असतात. त्यात एका माणसाचा एक टँक दिसतो. पुस्तक लिहिणाऱ्याने शेकडो टँक बसलेले आणि बुडालेले बघून मग लिहिलेलं असतं.

सर, शेल्फवरचं कुठलंही पुस्तक दुकानात बसून वाचायला आम्ही पैसे घेत नाही, व्हेरॉनचा सेटसुद्धा, फक्त हात कोरडे हवेत. फेनरची एक कॉपी घरी न्यायलाही देतो, वाचून परत आणा, आवडली तर नवीन घ्या. येताना टँकचं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणा, अमोनिया, नायट्राइट आणि अल्कलिनिटी तपासून देतो. दुपारी चारनंतर या, सोमवारी दुकान बंद असतं.