नजर खाली गेली म्हणून माणूस खोटा ठरत नाही

खोटे बोलणारा माणूस नजर चुकवतो, उजवीकडे वर पाहतो, नाक चोळतो, आणि लाय डिटेक्टर किंवा औषध देऊन अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारणाऱ्या नार्को चाचणीपुढे तर कोणाचेच खोटे टिकत नाही, असे सांगणारा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो माझ्या मावशीने खरा मानला. बांगडी सापडेना म्हणून तिने धुण्याभांड्याच्या बाईंना समोर उभे करून विचारले. त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत फरशीकडे पाहून उत्तरे देत राहिल्या, एवढ्यावरूनच त्यांचे काम गेले.

नजरेचा हा मुद्दा सर्वांत घातक आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये 206 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा लोकांनी खरे-खोटे अचूक ओळखण्याचे सरासरी प्रमाण भरले 54 टक्के. नाणे उडवून ठरवले तरी 50 टक्के वेळा बरोबर येते. ज्याची रोजीरोटी समोरच्याच्या मर्जीवर आहे, तो खरे बोलतानाही घाबरतो, आणि मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये हे तर आपणच मुलांना शिकवतो. भीती, संकोच आणि अपराध यांची बाहेरून दिसणारी खूण एकच असेल, तर तिच्यावरून चोर कसा ठरवणार?

उजवीकडे वर पाहण्याची गोष्ट निव्वळ भाकड आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ती तपासली. डोळ्यांची दिशा आणि खोटे यांचा संबंध आढळला नाही. नाक चोळण्यालाही भक्कम आधार नाही.

लाय डिटेक्टरबाबत थोडे मान्य करावे लागेल. ते यंत्र श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम नोंदवते, आणि ठरावीक घटनेविषयी विचारताना त्याचा अंदाज नुसत्या योगायोगापेक्षा बरा असतो, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 2003 च्या अहवालानेही म्हटले आहे. पण अचूकतेपासून ते बरेच दूर आहे, हेही त्याच अहवालात आहे. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स सोव्हिएत संघाला गुपिते विकू लागल्यानंतर 1986 आणि 1991 मध्ये ही चाचणी पार करून गेला होता.

नार्कोविषयी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात 5 मे 2010 रोजी स्पष्ट सांगितले आहे: संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, आणि संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही.