बाऊ झाला की केला?

"सुई नवी आहे ना?" एवढंच विचारलं मी. त्यावर विशीतला तो कंपाउंडर भर दवाखान्यात म्हणाला, "काका, साध्या इंजेक्शनचा किती बाऊ करता!" दंड अजून ठणकतोय, पण जास्त लागलाय तो शब्द.

झालं होतं इतकंच, की गॅलरीतला खिळा अंगठ्यात घुसला. धनुर्वात गंजाने नाही, मातीतल्या जंतूंमुळे होतो, हे रात्री दीडपर्यंत मोबाइलवर वाचलं. जबडा आखडतो, हेही वाचलं. मग दर दहा मिनिटांनी आरशासमोर आ करून पाहिला. तो बाऊ असेल, मान्य. पण सुईचा प्रश्न रास्त होता!

समोर एक आजी मांडीवर पिशवी घेऊन गवार मोडत होत्या. शेजारी चारेक वर्षांचा नातू. त्याने माझ्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. "आजी, काकांना बाऊ झाला?"

"झाला नाही रे, करतायत."

सगळा दवाखाना हसला. आजींना चेव आला. एक शेंग माझ्यावर रोखून म्हणाल्या, "लहानांना बाऊ होतो. फुंकर घातली की जातो. मोठी माणसं बाऊ करतात, त्याला फुंकर नाही. आमचे हे तसेच. शिंक आली की विम्याचे कागद काढून बसायचे."

"काळजी असते हो माणसाला."

"गेले ते झोपेत. शिंक नाही की काही नाही." आणि शेंगेची शीर सर्रकन ओढून काढली.

यावर काय बोलणार? मी गप्प बसून शब्दाचा विचार करू लागलो. राईचा पर्वत करायला निदान राई तरी लागते. साप साप म्हणून भुई धोपटायला दोरीचा तुकडा लागतो. बागुलबुवालाही अंधार लागतो. (बागूल हे नाशिक-धुळ्याकडचं भलं आडनाव. त्यांच्या पोरांनी शाळेत काय काय सोसलं असेल, देव जाणे.) बाऊला मात्र काहीच लागत नाही, फक्त दुसरा माणूस लागतो. 'मी आत्ता बाऊ करतोय' असं कुणी म्हटल्याचं ऐकलंय? तो कायम समोरचा करतो. आणि हे ठरवतो कोण, तर ज्याच्या हातात सुई असते तो.

आमच्या सोसायटीत सुईच्या जागी शिक्का असतो. जिन्याच्या छताला तडा गेलाय, हे मी दोन पावसाळे सांगत होतो. "पोपडे आहेत हो, बाऊ करू नका," असं मिटिंगमध्ये सुनावलं गेलं. यंदा श्रावणात परातीएवढा तुकडा माझ्या स्कूटरच्या सीटवर पडला. पुढच्या मिटिंगमध्ये विषय काय, तर 'जिन्याखाली वाहने लावू नयेत'. नवं सीटकव्हर मीच घेतलं. साडेचारशे रुपये.

हे सगळं मनात उकळत असताना कंपाउंडरने आजींना हाक मारली. "चला आजी, गुडघ्याचं इंजेक्शन."

गवार पिशवीत गेली. पिशवी छातीशी आली. "डॉक्टरांना म्हणावं, गोळ्याच द्या."

माझ्या जिभेवर शब्द आला, आणि खोटं कशाला बोलू, मी तो सोडलाच. "आजी, बाऊ करू नका."

आजींनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"माझं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "मला खरंच दुखतं."