पळालेल्या गाडीची आरसी बुक आणा म्हणे

"अंकल, धडक दिलेल्या गाडीची आरसी बुक नाही जोडलेली. इन्शुरन्सची झेरॉक्स पण नाही. म्हणून रिजेक्ट झालं."

काल क्लेमच्या काऊंटरवरच्या बाईंकडून हे ऐकल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. अगो बाय, माझा पाय मोडून ती गाडी पळाली! पळाली म्हणून तर मी तुझ्या दारात उभा आहे. थांबली असती, नंबर मिळाला असता, तर वकील धरून सरळ अपघात भरपाईच्या ट्रिब्युनलात गेलो असतो, पन्नास हजारांसाठी तुझ्या काऊंटरला कशाला लोंबकळलो असतो? ही सरकारी भरपाईची योजनाच मुळी ठोकून पळालेल्या गाड्यांनी जखमी केलेल्यांसाठी आहे. मोटार वाहन कायद्याचं 161 कलम तेवढ्यासाठीच आहे. आणि मला विचारतात काय, तर पळालेल्याची कागदपत्रं.

फॉर्ममध्ये वाहनाच्या तपशिलाच्या जागी मी 'अज्ञात' लिहिलं होतं, कारण एफआयआरमध्ये पोलिसांनीही तेच लिहिलंय. त्यावर लाल पेन्सिलीने गोल. बाईंनी पेनाचं टोपण त्या गोलावर ठेवून दोनदा टक टक केलं, जणू गणित चुकलंय माझं. मग मी तीच फाईल उलटून त्यांना त्यांचाच छापील कागद दाखवला. त्यावर माझी सही आहे, की उद्या ती गाडी सापडली आणि मला दुसरीकडून भरपाई मिळाली तर हे पैसे मी परत करीन. म्हणजे एका पानावर गाडी सापडलेली नाही हे तुम्हीच धरून चाललाय, आणि दुसऱ्या पानावर तिची आरसी मागताय? बाईंनी शांतपणे ते पान वाचलं. चष्मा वर केला. म्हणाल्या, "हां, ते वेगळं."

ते वेगळं!

तर बाबा पांढऱ्या गाडीवाल्या, तू कुठेही असलास तरी एवढा उपकार कर. आरसीच्या दोन्ही बाजू, चालू इन्शुरन्स, खाली तुझी सही. झेरॉक्सचे पैसे मी देतो.

आणि 'अंकल' कुणाला म्हणता हो? बाई माझ्यापेक्षा फार तर पाचसहा वर्षांनी लहान असतील. खरं सांगतो, क्लेम गेल्याचं जेवढं लागलं नाही तेवढं ते लागलं.

हे ऑफिस पहिल्या मजल्यावर. लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद, तोसुद्धा जुना होऊन पिवळा पडलेला. ज्यांचे पाय मोडलेत त्यांच्या क्लेमचं टेबल जिना चढून वर! पायात प्लेट आणि स्क्रू घेऊन, कठडा धरून, एकेक पायरी. वर गेलं की काऊंटरवरचं पेन सुतळीने बांधलेलं, आणि सुतळी इतकी आखूड की सही करायला वाकावं लागतं. पेन बांधून ठेवणाऱ्या माणसांवर माझा कायमचा राग आहे. पळणारी गाडी कुणाला धरता आली नाही, पाच रुपयांचं पेन मात्र जखडून ठेवलंय.

पैसे किती, तर गंभीर दुखापतीला 50 हजार. मेलो असतो तर घरच्यांना 2 लाख. 1 एप्रिल 2022 च्या आधी दुखापतीला साडेबारा हजार होते, तेव्हा नशीबवानच म्हणायचं. हाड मोडलं की ती गंभीर दुखापत, हे कायद्यातच लिहिलंय, त्यामुळे निदान तिथे तरी त्यांना पेन्सिल चालवता आली नाही. मी वायरिंगची कामं करतो. शिडीवर चढलो नाही तर चूल पेटत नाही. गेल्या चतुर्थीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायला धाकट्या भावाला चढवलं आणि मी खाली खुर्चीवर पाय पसरून 'नारळ डावीकडे घे, सुपाऱ्यांचा घड मध्ये' असं ओरडत बसलो. बायको म्हणाली, पाय मोडलाय, तोंड नाही.

नियम वाचले तर वाटतं स्वर्ग आहे. चौकशी अधिकाऱ्याने महिन्याभरात अहवाल द्यायचा, कलेक्टरने पंधरा दिवसांत मंजुरी, पुढच्या पंधरा दिवसांत पैसे खात्यात. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2024 मध्ये सांगितलंय की महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी जखमीला या योजनेची लेखी माहिती द्यायची. मला ही माहिती कुणी दिली? पायलटने, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याने! बाजारात सोडताना मोटरसायकलवर मान वळवून सांगितली. तो वाकडा बघून चालवत होता म्हणून माझा जीव परत वर आला, ते वेगळं. (लागली मलाही सवय.)

रात्री हायवेवर दिवे नाहीत, डायव्हर्जनचा बोर्ड डायव्हर्जन संपल्यावर, मधोमध गुरं रवंथ करत बसलेली, आणि कॅमेरा खांबावर आहे पण 'त्या दिवशी रेकॉर्डिंग नव्हतं'. वर भेटायला येणारे: "हेल्मेट होतं ना?" अहो, पाय मोडलाय! पायाला हेल्मेट घालू?

असो. काल मी त्या टेबलापुढे आवाज चढवून बोलत होतो आणि डोक्यावरची ट्यूब फडफडत होती. लप लप, लप लप. माझ्या धंद्यातल्या माणसाला ते सहन होत नाही. भांडण अर्ध्यावर टाकून बोललो, "बाई, तो स्टार्टर गेलाय." त्या म्हणाल्या, महिनाभर सांगतोय, कुणी येत नाही, तुम्ही बघता का? आणि मी बघितला! टाचा उंचावून, हात वर करून स्टार्टर काढला, त्यांच्या ड्रॉवरमधला नवा फिरवून बसवला. लख्ख उजेड. सगळं ऑफिस खूश. बाईंनी त्या उजेडात मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"अंकल, पाय बरा झालाय की तुमचा."

एवढं झाल्यावर अपील. त्याचा फॉर्म नाही, साध्या कागदावर लिहायचं. तिथेच बाकावर बसून मराठीत लिहिलं, तर "मराठीत कशाला?" गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीची सोय आहे हे मी सांगितलं, तेव्हा कुठे शिक्का मारला. शिक्क्याची शाई इतकी फिकी की तारीख उन्हात धरून वाचावी लागते. साहेब कधी भेटतील विचारलं.

"आता चतुर्थीनंतर या."

कुठल्या वर्षीच्या, ते विचारेपर्यंत बाई चहाला उठल्या होत्या.