इंडोह्यस पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. माझ्या लेखात मी देवमाशांचा 'पूर्वज' म्हटलेला इंडोह्यस हा खुरवाला नामशेष प्राणी, पाकिसेटस या चार पायांच्या आद्य देवमाशाहून धाकटा आहे, मग तो पूर्वज कसा? आणि रोधोसेटस या दुसऱ्या आद्य देवमाशाच्या चित्रात शेपटीला आजच्या देवमाशासारखा पसरट पंखा दाखवला, पण शेपटीचं टोक सापडलंच नव्हतं. म्हणजे तुमच्या मते सगळी वंशावळच कल्पनेतली.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. पाकिसेटस सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा, इंडोह्यस 4.8 कोटींच्या आसपासचा. शब्द चुकला, लेखात दुरुस्ती केली आहे. इंडोह्यस चुलत घराण्यातला. पण चुलत भाऊ वयाने धाकटा म्हणून नातं तुटत नाही, आणि हे नातं कसं कळलं ते मला फार मोलाचं वाटतं.

भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळून जीवाश्म असलेले दगड गोळा केले. 1971 मध्ये त्यांनी थोड्याशा अवशेषांवरून या प्राण्याला इंडोह्यस हे नाव दिलं. उरलेले दगड तसेच राहिले आणि रंगा राव वारले. पुढे त्यांच्या पत्नीने ते दगड जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसेन यांच्या हाती सोपवले. साफ करताना एका कवटीचं कानाचं हाड चुकून तुटलं, आणि आतली कड विलक्षण जाड निघाली. तशी कड तोवर फक्त देवमाशांच्या कानात माहीत होती! थेविसेन, आयआयटी रूरकीचे सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये हे प्रसिद्ध केलं. जेमतेम मांजराएवढा हा प्राणी. पण पायांची हाडं पाणघोड्यासारखी भरीव, पाण्यात तळाशी चालायला सोयीची.

आता रोधोसेटस. पंखा हा अंदाज होता, आणि तो मांडणाऱ्या जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप जिंजरिच यांनीच पुढे तो सोडला. मात्र देवमासे खुरवाल्या प्राण्यांचे नातेवाईक असल्याचा पुरावा शेपटीत नव्हताच. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बलुचिस्तानातल्या सांगाड्यांत घोट्याचं हाड होतं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं. बकरीच्या, गाईच्या, हरणाच्या घोट्यात असतं अगदी तेच. जिंजरिच तोवर देवमाशांचं मूळ मेसोनिकिड या वेगळ्याच खुरवाल्या मांसाहारी गटात शोधत होते. ते हाड हातात आल्यावर त्यांनी स्वतःचं मत बदललं. डीएनएसारख्या रेणूंच्या अभ्यासातूनही देवमासा पाणघोड्याच्या जवळचा असल्याचं तोवर दिसू लागलं होतं. कल्पनेतली वंशावळ असती, तर ती मांडणाऱ्यालाच मागे घ्यायला लावणारं हाड कुठून आलं असतं?

लेखातलं पंख्याचं चित्र मी काढलं आहे. त्या जागी घोट्याच्या हाडाचं रेखाचित्र देतो, शेजारी बकरीचं. दोन्ही नीट पाहा आणि मग पुन्हा लिहा.