खुलासा : ‘ई२’ हे कर्करोग घडवणारे प्रथिन नव्हे

मानवी पॅपिलोमा विषाणूचे ‘ई२’ हे प्रथिन पेशीच्या डीएनएमध्ये शिरते आणि त्यामुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. किंबहुना त्यात वस्तुस्थिती नेमकी उलटी मांडली आहे.

ई२च्या रेणूला दोन कार्यक्षम टोके असून त्यांना जोडणारा दुवा लवचीक असतो. कार्बॉक्सी टोकाकडील भाग दुसऱ्या ई२ रेणूशी जोडी जमवून विषाणूच्या डीएनएवरील १२ बेस-जोड्यांचा ठरावीक क्रम पकडतो, तर अमिनो टोकाकडील सुमारे २०० अमिनो आम्लांचा भाग विषाणूच्याच ई१ या हेलिकेजला (धागे उलगडणाऱ्या प्रथिनाला) प्रतिकरणाच्या, म्हणजे डीएनएची प्रत बनण्याच्या, आरंभस्थानी आणून बसवतो. डीएनएचे धागे उलगडण्याचे काम मात्र ई१चेच.

जनुकांच्या अभिव्यक्तीत, म्हणजे जनुकांवरून प्रथिने बनण्यात, ई२ कुठे बसते, याला फार महत्त्व आहे. विषाणूच्या प्रकार १६ व १८ मध्ये ते प्रवर्तकाजवळ (जनुकाचे वाचन जेथून सुरू होते त्या भागाजवळ) बसले की पेशीतील प्रतिलेखन घटकांना (हे वाचन सुरू करणाऱ्या प्रथिनांना) तेथे जागा उरत नाही आणि ई६ व ई७ यांची निर्मिती घटते. पेशीला कर्करोगाकडे नेणारी प्रथिने हीच दोन आहेत : ई६ हे पी५३ नष्ट करवते, ई७ हे आरबी निष्प्रभ करते; पी५३ व आरबी ही पेशीची बेसुमार वाढ रोखणारी प्रथिने आहेत. सुमारे ८,००० बेस-जोड्यांचा विषाणूचा वर्तुळाकार जीनोम तुटून गुणसूत्रात मिसळतो, तेव्हा अनेकदा ई२चे जनुकच खंडित होते आणि हा लगाम सुटतो.

तरीही ई२ला ‘संरक्षक प्रथिन’ म्हणणे योग्य नाही, कारण विषाणूच्या प्रती वाढवण्यासाठीच ते काम करते.