माझं मत माझ्याआधी पोचलं

गेल्या खेपेला माझ्याकडे ओळखपत्र होतं, पण यादीत नाव नव्हतं. नुसत्या ओळखपत्रावर मत देता येत नाही, हे ज्ञान तासभर रांगेत उभं राहून मिळवलं. म्हणून यंदा ६ नंबरचा फॉर्म भरला, यादी तीनदा तपासली, आडनावाचा गळालेला काना ८ नंबरच्या फॉर्मने परत आणला. अकराच्या सुमारास ताठ मानेने केंद्रात शिरलो.

पहिल्या अधिकाऱ्याने नाव मोठ्यांदा पुकारलं, यादीवर पट्टी सरकवली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं झालंय."

"काय?"

"मतदान."

सही दाखवली. माझ्यापेक्षा कितीतरी सुबक! बँकेत माझी सही मलाच जुळवता येत नाही, आणि इथे हे गृहस्थ एका दमात मी होऊन गेले. तेही सकाळी सव्वासातला. नागरिक म्हणून माझ्यापेक्षा जागरूकच म्हणायचे.

मी दहाही बोटं पुढे केली. शाई नव्हती. १९६२पासून ही शाई लोकांना दुसऱ्यांदा मत देण्यापासून अडवते आहे. पण ती बोट ओळखते, बोटाचा मालक नाही. मालक ओळखायला पोलिंग एजंट बसवलेले असतात. संशय आला तर दोन रुपये भरून त्यांना आक्षेप घेता येतो. माझ्या अस्तित्वावर सकाळी दोन रुपये लावायला एकही पक्ष तयार झाला नव्हता. उलट एक एजंट माझं ओळखपत्र निरखून म्हणाला, "फोटोला सकाळचे जास्त जुळत होते हो."

केंद्राध्यक्ष मात्र भले. वडिलांचं नाव, वय, पत्ता, सगळं विचारलं. (सव्वासातला कुणी विचारलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही.) मी मीच असल्याची त्यांची खात्री पटली आणि मला टेंडर मत मिळालं. म्हणजे यंत्र नाही. कागदी मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का. आडोशाला जाऊन शिक्का मारला, घडी घालून दिली. त्यांनी ती वेगळ्या पाकिटात घातली.

"हे मोजणार ना?"

"मोजणीत धरत नाहीत. उद्या कोर्टात गेलं आणि कोर्टाने सांगितलं, तर बघतात."

थोडक्यात, खोट्याचं मत यंत्रात आणि खऱ्याचं पाकिटात.

घरी आल्यावर हिने विचारलं, "दिलंत का मत?"

"दिलं. दोनदा."

"आणि निवडून कोण येणार?"

"ते सकाळच्याला माहीत."