आता उघडलंच हाय तर…

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं ठेवून उभं राहिलं, की सातारा जिल्ह्यात माणूस एकटा म्हणून राहत नाही. घरच्या लग्नाला पत्रिका द्यावी लागते, वर फोन करावा लागतो, तरी निम्मे लोक येत नाहीत. बॉनेटला आमंत्रण लागत नाही.

यवतेश्वरचा घाट, सप्टेंबरातला रविवार. २०१२ साली पश्चिम घाटासोबत कासचं पठार युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, आणि त्या वारशातली फुलं बघायला निम्मं पुणं त्या दिवशी आमच्या पुढं उभं होतं. पहिला गिअर, दोन हात पुढं, ब्रेक. परत पहिला गिअर. अशा चालीत रेडिएटरला वारा लागत नाही. सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंख्याच्या स्विचनं नेमका हाच मुहूर्त साधून प्राण सोडला. काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि मागच्या सीटवरून आमचे सांगलीचे साडू म्हणाले, "काय सुरेख धुकं आहे हो इथं!"

गाडी सासऱ्यांची. तीन सिलिंडरची जुनी मारुती आठशे, जिचं उत्पादन २०१४ सालीच थांबलं. सासऱ्यांनी ती मोठ्या मनानं "वापरा" म्हणून दिली. "वापरा" म्हणून दिलेली गाडी विकता येत नाही, दुरुस्त करता येते. तिच्या तब्येतीबद्दल कंपनीला बोल लावायचं कारण नाही. सासऱ्यांचा कूलंटवर विश्वास नाही. विहिरीचं पाणी त्यांच्या तीन पिढ्यांनी प्यायलं, मग गाडीला काय झालं, असा त्यांचा सवाल असतो.

पाच मिनिटांत भोवती मंडळ जमलं. एका पुणेकर तरुणानं रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तो एका म्हाताऱ्यानं असा काही झटकला की पोरगं चार पावलं मागं गेलं. "हात भाजून घ्यायचाय का? आत दाब आसतो. झाकण काढलं की उकळतं पाणी तोंडावर!" म्हातारा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर निघाला, आणि त्या गर्दीत अक्कल असलेला तोच एक होता. साडूंनी मात्र हळद सुचवली. रेडिएटर गळत असेल तर चमचाभर हळद टाकायची, भोक बुजतं. शिवाय हळद सांगलीची हवी, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ही माहितीही दिली. बारीक छिद्राला हळद चालते, असं ड्रायव्हरसुद्धा म्हणाला. पण आमचं पाणी कुठंच गळत नव्हतं. ते नुसतं नाहीसं होत होतं, आणि सायलेन्सरमधून पांढराशुभ्र धूर होऊन बाहेर येत होतं.

"हेड गॅस्केट गेलं," म्हातारा म्हणाला. मयताला आल्यासारखे सगळे गप्प झाले.

इंजिन निवल्यावर पाणी भरून उतारानं खाली निघालो. हिटर फुल्ल लावायचा, ही म्हाताऱ्याची सूचना. हिटर म्हणजे छोटा रेडिएटरच, तेवढीच इंजिनाची उष्णता ओढून घेतो. शास्त्र बिनचूक आहे. पण बाहेर कासची गार झुळूक, आत पाच माणसं, काचा खाली आणि डॅशबोर्डातून भट्टीचा वारा, अशा अवस्थेत आम्ही परतलो. समोरून फुलं बघायला चढणारे लोक आमच्याकडं कुतूहलानं बघत होते. समर्थ मंदिराच्या अलीकडं गाडीनं शेवटचा आचका दिला. तिथून पुढं एका टेम्पोला सोल बांधून आम्हाला ओढत नेलं. इंजिन बंद असलं की ब्रेक जड येतो. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये टेम्पोवाला नको त्या बोगद्यात शिरला आणि आम्ही दोरीच्या टोकाला असल्यानं आम्हालाही शिरावं लागलं.

गॅरेजात मिस्त्रींनी आधी तेलाचं झाकण काढून माझ्या नाकासमोर धरलं. आतल्या बाजूला पिवळसर, दुधाळ साय. "पाणी आणि तेल एक झालं." मग बारक्यानं तिन्ही प्लग काढून फडक्यावर मांडले. दोन काळपट, मधला लखलखीत. मला वाटलं, चला, एक तरी धडका निघाला. मिस्त्री म्हणाले, "त्योच मेलाय. आत पाणी शिरून वाफेनं धुतलाय त्याला."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ते ॲल्युमिनियमचं; खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांच्या मध्ये हे पातळ गॅस्केट, त्याला सिलिंडरची तीन मोठी भोकं, कडेनं पाण्याची आणि तेलाची बारीक. "दोन भावांच्या रानातला बांध हाय बगा," मिस्त्री म्हणाले. "एकीकडं पाणी, एकीकडं तेल, मधी आग. बांध फुटला की कोर्टकचेरी."

"केवढ्याला येतं?"

"गॅस्केट? काय न्हाय, काही शेकड्यांत."

माझा जीव भांड्यात पडला. तो तिथं फार वेळ टिकला नाही. त्या काही शेकड्यांच्या पत्र्यापर्यंत पोचायला कूलंट सोडावं लागतं, कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, टायमिंग बेल्ट, वरचं कव्हर, सगळं उतरवावं लागतं. मग मिस्त्री दोन्ही हातांनी हेड उचलतात, बाकड्यावर ठेवतात, हात पुसतात आणि म्हणतात, "आता उघडलंच हाय तर…"

मराठी माणसाच्या खिशाला याहून मोठं भोक पाडणारं वाक्य मी ऐकलेलं नाही. उघडलंच हाय तर टायमिंग बेल्ट नवा टाकू. उघडलंच हाय तर वॉटर पंप. व्हॉल्व्ह घासून घेऊ, सील बदलू, होज पाइप कडक झालेत. एकालाही नाही म्हणता येत नाही, कारण प्रत्येक वेळी मिस्त्रींचं बरोबर असतं. जुना बेल्ट ठेवला आणि उद्या तो तुटला तर हाच सगळा पसारा परत काढा. नालायक माणसाशी भांडता येतं. बरोबर असलेल्या मिस्त्रीपुढं फक्त मान हलवायची.

हेडवर त्यांनी पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि तिच्याखाली फट मोजायच्या फिलर गेजचं पातं सरकवलं. ०.०५ मिलिमीटरचं पातंसुद्धा जायला नको, म्हणजे केसाहून बारीक फट. आमच्या हेडखालून पातं विनातक्रार आरपार गेलं. म्हणजे एमआयडीसीत लेथवाल्याकडं फेसिंग, हेडचा तळ घासून सपाट करायचा. लेथवाल्याचं उत्तर एकच: "उद्या." रोज विचारलं तरी तेच. माणूस शब्दाचा पक्का.

हेड आल्यावर बसवायचा सोहळा मात्र मी उभा राहून बघितला. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला एकेक कण बारक्यानं ब्लॉकवरून खरवडला, बोल्टांच्या भोकांतलं पाणी फुंकून काढलं. मग टॉर्क पाना. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेर बाहेर जायचं आणि एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं आवळायचं. ठरलेला जोर लागला की पाना 'कट्' वाजतो, तिथं थांबायचं. एरवी अखंड बोलणारे मिस्त्री तेवढा वेळ तोंडातल्या तोंडात आकडे मोजत होते. मध्येच मी "चहा सांगू का?" म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती पूजेत शिंकणाऱ्यासाठी राखीव असते.

गाडी पहिल्या स्टार्टरला सुरू झाली. काटा मध्यावर येऊन थांबला, नव्या स्विचवर पंखा आपला आपण फिरला आणि थांबला. बिलाचा आकडा सांगत नाही. हा लेख घरीही वाचतात. पाचशे किलोमीटर झाले की हेड परत आवळायला या, एवढं बजावून मिस्त्रींनी किल्ली दिली.

नाक्यापर्यंत पोचलो तोवर सासऱ्यांचा फोन.

"पाहुणं, हेडचं काम झालं म्हणं?"

"झालं मामा. एकदम मस्त."

"क्लच प्लेट बघितली का?"

"क्लचचा काय संबंध? तो गिअरबॉक्सकडं, त्याला वेगळं खोलावं लागतं."

"आवो पण एवढं उघडलंच हुतं तर…"

"घाटात आहे मामा," मी म्हणालो, "आवाज तुटतोय." आणि भर पोवई नाक्यावर फोन बंद केला.